पिकअपच्या हौद्याला गुंडाळतं शटर बसवायचंय, कुठलं घेऊ?

हौदेवाला
मंडळी, डबल कॅब (चार दारांची) पिकअप घेऊन आठ महिने झाले. गाडीबद्दल तक्रार नाही, हौद्याबद्दल आहे. रोज त्यात हत्यारांच्या तीन पेट्या, ड्रिलची बॅग आणि पाइपांचे लहानमोठे तुकडे असतात. सुट्टीला तंबू आणि गाद्या. महिन्यातून एखाद्या वेळी मोटरसायकल न्यावी लागते. आजवर ताडपत्री आणि आकड्यांच्या रबरी दोऱ्यांवर निभावलं. पण दिवसातून दहा वेळा ती सोडा, बांधा, आणि हायवेला लागलं की तिचा एक कोपरा सुटून मागच्या काचेवर फटाफट आपटणार. वीट आलाय.

मागे ओढलं की बंद, सोडलं की केबिनच्या पाठीशी गुंडाळलं जाणारं शटर घ्यायचं नक्की केलंय. प्रश्न असे: ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचं, पॉलिकार्बोनेटचं की विनाइल चढवलेलं? हाताने ओढायचं की मोटरवालं? आणि पाणी आत येतं का? विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, 'तसं येत नाही.' हे 'तसं' म्हणजे कसं?

नटबोल्ट
'तसं' म्हणजे येतं. :-)

पाण्याकडे नंतर वळू, आधी टेप काढा. (मी बरीच वर्षं गाड्यांना असली जोडकामं बसवतोय, विकत काहीच नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.) गुंडाळलेलं शटर हवेत विरघळत नाही, ते एका आडव्या डब्यात जाऊन बसतं. हा डबा केबिनच्या लगत, हौद्याच्या वरच्या कडेखाली असतो. मॉडेलनुसार तो हौद्याची साधारण २० ते ३० सेंटिमीटर लांबी खातो आणि खालीही तेवढाच उतरतो. आठ फुटी हौदा असेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही. डबल कॅबचा हौदा मात्र दीड मीटरच्या आसपास असतो, त्यातले २५-३० सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा.

डब्याखालची जागा वापरता येते हे खरं. पाइप, फळ्या, तंबूच्या काठ्या तिथे मस्त सरकतात. उंच पेटी मात्र तिथे जात नाही.

एक फुकटचा प्रयोग सांगतो. ३० सेंटिमीटरचे पुठ्ठ्याचे खोके घ्या, केबिनच्या भिंतीला लागून आडवे, हौद्याच्या वरच्या कडेला लोंबतील असे दोरीने बांधा आणि आठवडाभर गाडी नेहमीसारखी वापरा. खोका नको तिथे आडवा येतोय असं दिवसातून चार वेळा वाटलं तर गुंडाळतं शटर तुमच्यासाठी नाही. घडीचं झाकण बघा.

वाळूघड्याळ
ताडपत्रीला काय धाड भरलीय? फाटली तर नवी. डब्यात अडकत नाही, बॅटरी लागत नाही, नळ्या तुंबत नाहीत. सगळ्यांना हल्ली बटण दाबून सगळं हवं.

हौदेवाला
वाळूघड्याळ, तुम्ही दहा वेळा बांधून सोडून दाखवा, मी ताडपत्रीच ठेवतो.

अबोली
शटर दोन वर्षं वापरतेय, ॲल्युमिनियमचं, हाताने ओढायचं. कॅमेरे आणि दिव्यांचे स्टँड नेते. पाण्याला सगळे घाबरतात, मला रडवलं ते धुळीने.

पहिल्याच कच्च्या रस्त्यावर तीस-चाळीस किलोमीटर गेले आणि शटर उघडलं तर काळ्या बॅगांवर पिठाच्या गिरणीसारखा थर. मला वाटलं शटरच्या फटीतून आली. नाही. धूळ फाळक्यातून, म्हणजे हौद्याच्या मागच्या पडत्या दारातून, आली होती. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, चाकांनी उडवलेला धुरळा तिथेच घुटमळतो आणि फाळक्याच्या खालच्या व बाजूच्या फटींतून आत ओढला जातो. हौदा उघडा असताना तो वरून निघूनही जायचा, झाकल्यावर कोंडला.

उपाय साधा निघाला: फाळक्याच्या तीन कडांना पोकळ रबरी पट्टी. चिकटवण्याआधी पत्रा स्पिरिटने पुसायचा, नाहीतर दोन महिन्यांत लोंबायला लागते. फटी शोधायला रात्री हौद्यात दोन टॉर्च ठेवून शटर आणि फाळका बंद केला आणि बाहेरून गाडीभोवती फिरले. जिथून उजेड दिसला तिथे खडूने खूण. फाळक्याच्या बिजागरीपाशी तर बोट जाईल एवढी फट होती! ही फट शटरवाल्याची नाही, गाडीवाल्याची. हौदा मुळात पाणी बाहेर जावं म्हणूनच फटींचा केलेला असतो.

तिरपा डोळा
+१. शटरचा तपशील वाचताना लोक शटरच्या पट्ट्या बघतात, फाळक्याकडे कुणी बघत नाही.

नटबोल्ट
अबोलीताईंनी टॉर्चचं झकास सांगितलं. आता पाणी.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. तुमचं शटर दीड बाय दीड, म्हणजे सव्वादोन चौरस मीटर. दहा मिलिमीटरची एक सर आली की त्यावर साडेबावीस लिटर पाणी पडलं, दोन बादल्या म्हणा. चालत्या गाडीत बरंच मागे उडून जातं. उभ्या गाडीत ते कुठे जातं, यावर शटरची परीक्षा.

चांगल्या शटरमध्ये ते बाजूच्या रुळांतल्या पन्हळीत उतरतं, तिथून पुढच्या डब्याच्या कोपऱ्यात, आणि तिथून रबरी नळीने हौद्याच्या तळातल्या किंवा पुढच्या भिंतीतल्या भोकातून गाडीखाली. म्हणजे पाणी 'अडवायचं' नसतंच, त्याला वाट करून द्यायची असते. सिस्टीम पाणी आत घेते आणि आपल्या वाटेने बाहेर सोडते. ही वाट तुंबली की पन्हळ भरते, पाणी उसळून हौद्यात येतं आणि मालक म्हणतो शटर गळकं निघालं. दहापैकी सात-आठ 'गळक्या' शटरांत मला नळीत पानं, चिखल नाहीतर एखादं कोळ्याचं घर सापडलंय.

गाडी कुठल्या उतारावर उभी करता हेही बघा. तोंड खाली असेल तर सगळं पाणी डब्याकडे धावतं आणि दोन नळ्यांवर भार येतो. तोंड वर असेल तर फाळक्यावरून सांडून जातं. रोजची पार्किंगची जागा उतरती असेल तर चार नळ्यांचं शटर घ्या आणि तोंड वर करून गाडी लावा, म्हणजे मागच्या कोपऱ्यांतूनही निचरा होतो.

लेबलवर 'वेदर रेझिस्टंट' लिहिलेलं असतं, 'वॉटरप्रूफ' नाही. गाद्या कोरड्या हव्यात तर त्या तरीही पिशवीत घाला. तुमच्या हत्यारांना चार थेंबांनी काही होत नाही.

हौदेवाला
खोक्यांचा प्रयोग सुरू केला. तिसऱ्या दिवशी मोटरसायकल चढवायची वेळ आली आणि ज्ञान झालं. पुढचं चाक ६० सेंटिमीटरहून थोडं मोठं, म्हणजे त्याचा सगळ्यात पुढे आलेला भाग जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर. हौदा ४८ सेंटिमीटर खोल, खोका वरून ३० खाली आलेला. चाक बरोब्बर खोक्याच्या मधोमध घुसलं. पुठ्ठा होता म्हणून चेपला, डबा असता तर चाक ३० सेंटिमीटर मागेच थांबलं असतं आणि मागचं चाक पूर्णच्या पूर्ण उघड्या फाळक्यावर.

नटबोल्ट
आणि उघडा फाळका ज्यांवर टांगलेला असतो त्या दोन तारांवर. मोटरसायकलचं जवळजवळ निम्मं वजन मागच्या चाकावर येतं. फाळका किती वजन पेलतो हे गाडीच्या पुस्तकात बघा, अंदाजाने चढवू नका.

हौदेवाला
महिन्यातून एकदाच्या मोटरसायकलसाठी रोजचे दहा वेळचे कष्ट सोसायचे का, हा हिशेब केला. मोटरसायकलसाठी आता भावाचा ट्रेलर. शटर कायम. आता माल कुठला ते सांगा.

खडखडाट
ॲल्युमिनियम. प्रश्नच नाही. पट्ट्या सुट्या असतात, एखादी वाकली तर काही मॉडेलांत तेवढीच बदलता येते. पॉलिकार्बोनेटचा पत्रा बहुतेक एकसंध असतो, तडा गेला की सगळाच गेला.

अबोली
एकसंध असण्याचा फायदाही आहे ना. सांधेच नाहीत म्हणजे सांध्यातून पाणी नाही. ॲल्युमिनियममध्ये प्रत्येक दोन पट्ट्यांत एक रबर, आणि प्रत्येक रबर कधीतरी म्हातारं होणार. शिवाय माझं शटर खराब रस्त्यावर वाजतं. तुमचं टोपणनाव त्यावरूनच घेतलंय का?

खडखडाट
हो, पण शटरवरून नाही, जुन्या जीपवरून. :-D

नटबोल्ट
दोघांचंही बरोबर. मी ओळखीच्या गिऱ्हाइकाला असं सांगतो:

विनाइल चढवलेलं म्हणजे आत ॲल्युमिनियमच्याच पट्ट्या, वरून कापडी-प्लास्टिकचं अस्तर. सगळ्यात शांत आणि सांधे झाकलेले. ऊन मात्र त्याचा शत्रू. वर्षानुवर्षं उघड्यावर उभी राहणारी गाडी असेल तर अस्तर ताठ होतं, कडेला उकलतं. सावलीत गाडी राहत असेल तर बिनधास्त घ्या. पॉलिकार्बोनेट दिसायला गुळगुळीत, ओरखडे चटकन दिसतात, आणि काच पुसायचा अमोनियावाला फवारा त्यावर चुकूनही मारू नका, साबणाच्या पाण्याने धुवा. ॲल्युमिनियमला पावडर कोटिंग, दणकट, वर पेटी टेकवली तरी फिकीर नाही, ओरखडा गेला तर खालची चंदेरी रेघ दिसते एवढंच.

नावं विचाराल म्हणून: एकाच कंपनीकडे एकाहून जास्त प्रकार असतात. रेट्रॅक्सच्या 'वन' मालिकेत पॉलिकार्बोनेट, 'प्रो'मध्ये ॲल्युमिनियम. रोल-एन-लॉकच्या 'एम'मध्ये विनाइल चढवलेलं, 'ए'मध्ये नुसतं ॲल्युमिनियम. डेन्मार्कची माउंटन टॉप मधल्या आकाराच्या पिकअपसाठी बनवते, कित्येक गाडी कंपन्या तिचाच माल आपल्या ॲक्सेसरीत देतात. त्यामुळे कंपनीचं नाव ठरवून झालं तरी मॉडेल ठरवायचं उरतंच.

मालापेक्षा मी एक गोष्ट जास्त बघतो, ती म्हणजे डब्यात शटर गुंडाळलं कसं जातं. काहींत ते आडव्या दांड्यावर गालिच्यासारखं गुंडाळतं, थरावर थर. मधे वाळू अडकली की दर उघडझापीला पट्ट्या एकमेकींना घासतात. काहींत डब्याच्या दोन्ही टोकांना गोगलगायीच्या शंखासारखी वळणदार खाच असते. शटर त्या खाचेतून फिरतं, थर एकमेकांना शिवत नाहीत. धुळीच्या रस्त्यावर फिरणार असाल तर दुसरा प्रकार. दुकानात झाकण काढून दाखवायला सांगा. दाखवत नसतील तर दुसरं दुकान.

रिमोट
मोटरवालं घ्या, पुढचं-मागचं बघू नका. दोन्ही हातांत सामान, खिशातलं बटण दाबलं, उघडलं. पावसात तर याच्यासारखं सुख नाही. तार थेट बॅटरीवरून येते, मधे फ्यूज. कुठेतरी काही अडलं तर मोटर आपोआप थांबते, निदान माझी थांबते. टेस्लाच्या सायबरट्रक पिकअपला तर मोटरचं शटर कंपनीकडूनच येतं.

तिरपा डोळा
सायबरट्रकचं शटर बंद केलं की मागची काचही झाकली जाते, आरशात शून्य. मागे बघायला कॅमेऱ्याचा पडदा. हेही सांगा.

खडखडाट
मोटरची गंमत ऐका. आठवडाभर गाडी उभी होती, बॅटरी उतरली. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायची जम्पर केबल कुठे? हौद्यात. हौदा कशाने उघडणार? मोटरने. मोटर कशावर चालणार? बॅटरीवर. शेवटी फाळका किल्लीने उघडून पोटावर सरपटत आत गेलो आणि अंधारात हाताने सोडायची कळ शोधली. कळ होती, पण डब्याच्या खाली, आणि तिच्यासमोर मीच रचलेल्या पेट्या.

रिमोट
जम्पर केबल केबिनमध्ये ठेवायची असते हो.

खडखडाट
आता ठेवतो.

हौदेवाला
हसून पुरेवाट. हाताचंच घेतो. पण हाताच्यात स्प्रिंग म्हणे जोरात ओढते?

अबोली
दोन तऱ्हा असतात. स्प्रिंगवाल्यात कुलूप सोडलं की शटर स्वतः डब्याकडे धावतं. पट्टा हातात धरून हळू सोडायचं, नाहीतर धाडकन डब्यात आपटतं. आमच्याकडे एका पाहुण्याने नुसतं सोडून दिलं, आवाजाने शेजारी बाहेर आले. आणि बंद करताना मागून पट्टा ओढायला हात पोचायला हवा. माझी उंची बेताची, हौद्याच्या कडेवरून वाकलं तरी पट्टा हाती येत नाही. म्हणून मी पट्ट्याला फूटभर दोरी जोडलीय. स्प्रिंग नसलेल्यात तुम्ही ढकलाल तिथे ते थांबतं. थोडा जास्त जोर लागतो, पण अर्ध्यावर हवं तिथे ठेवता येतं.

नटबोल्ट
स्प्रिंगचा डबा घरी उघडू नका. ताणलेली असते, बोटं जातात. बाकी सगळं घरी करा, एवढं सोडा.

कुलूपकिल्ली
चोरीचं कुणीच बोलत नाहीये. शटरला कितीही भारी कुलूप लावा, फाळक्याला कुलूप नसेल तर चोर मागून आरामात फाळका पाडणार आणि पेट्या ओढून घेणार. तुमच्या गाडीत फाळका सेंट्रल लॉकिंगला जोडलाय का ते पाहा. खूप गाड्यांत चार दारं लॉक होतात, फाळका तसाच.

आणखी एक बारकावा. काही शटरांची शेवटची पट्टी फाळक्याच्या आतून बसते, म्हणजे शटर बंद ठेवून नुसता फाळका उघडता येतो. काहींची फाळक्याच्या वरून येते, आधी शटर उघडायचं, मगच फाळका उघडायचा. दुसरी जास्त सुरक्षित, पहिली जास्त सोयीची. लांब पाइप नेणाऱ्याला पहिली.

हौदेवाला
फाळका सेंट्रल लॉकिंगला नाहीये! आत्ता उठून बघून आलो. आठ महिने हत्यारं फाळक्याच्या नुसत्या खटक्यावर होती म्हणायची.

हिमकण
आमच्याकडे बर्फ पडतो, म्हणून दोन शब्द. एक म्हणजे वजन. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला शंभरेक किलो धरला तर तुमच्या शटरवरच्या ३० सेंटिमीटर थराचं ६०-७० किलो होतं. तोच भिजून घट्ट झाला की तिप्पट. माहितीपत्रकात वजन पेलण्याचा आकडा देतात तो बहुतेक सगळीकडे सारखं पसरलेल्या वजनाचा आणि उभ्या गाडीचा असतो. त्याचा अर्थ वर माणूस उभा राहिला तरी चालेल असा नाही, टाचेखाली सगळं वजन एकाच पट्टीवर येतं.

दुसरं, बर्फासकट शटर गुंडाळू नका. तो डब्यात जातो, वितळतो, रात्री गोठतो, आणि सकाळी शटर जागचं हलत नाही. आधी मऊ ब्रशने झाडा. गोठलंच तर जोर लावू नका, कोमट पाणीही ओतू नका, तेही गोठतं. गाडी आडोशाला नेऊन वाट बघणं हाच उपाय.

दर्यावर्दी
आणि समुद्राकाठी मीठ. रूळ ॲल्युमिनियमचे, हौदा पोलादी पत्र्याचा, बोल्ट स्टेनलेस. तीन धातू, खारं पाणी, झाली बॅटरी तयार. रूळ हौद्याच्या कडेला पकडून ठेवणाऱ्या क्लॅम्पखाली फोमची पट्टी देतात ती फेकून देऊ नका, ती दोन धातूंना एकमेकांपासून दूर ठेवायला असते. नळीसाठी भोक पाडावं लागलं तर कडेला लगेच प्रायमर आणि रंग लावा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तिथून तांबडा ओघळ येईल. महिन्यातून एकदा रुळांत गोड्या पाण्याचा पाइप सोडतो मी.

गाडीवान७
मायलेज वाढतं म्हणतात ते खरं का?

तिरपा डोळा
थोडं, आणि तेही हायवेवर. उघड्या हौद्यात केबिनवरून आलेली हवा भोवऱ्यासारखी गोल फिरत राहते, त्या भोवऱ्यावरून बाकीची हवा सरकत जाते. म्हणून फाळका पाडून चालवणाऱ्यांना वाटतं तेवढा फायदा होत नाही, उलट भोवरा मोडतो. शटरने हवा थोडी आणखी सुरळीत जाते. पण शटरचं स्वतःचं वजन ३० ते ५० किलो असतं, गावातल्या थांब-चाल रहदारीत ते ओढायला लागतंच. मायलेजसाठी शटर घेणं म्हणजे म्हशीच्या शिंगाला रंग देऊन दूध वाढवणं.

नटबोल्ट
आणि हे ३०-५० किलो गाडीच्या माल वाहायच्या क्षमतेतून वजा होतात, काठोकाठ भरणाऱ्यांनी ध्यानात ठेवा.

हौदेवाला, घेण्याआधी एक बघा. हौद्याला आतून प्लास्टिकचा लायनर आहे का? तो कडेच्या वर चढणारा आहे की कडेखाली संपणारा? वर चढणारा असेल तर क्लॅम्पला पत्रा मिळत नाही, लायनर कापावा लागतो. सळ्यांची कमान, म्हणजे स्पोर्ट्स बार असेल तर त्याचे पाय आणि डबा एकाच जागेवर हक्क सांगतात, शटर त्या बारसकट बसणारं आहे का ते विचारून घ्या. आणि वर सायकलचं स्टँड लावायचा विचार कधी असेल तर आत्ताच वरून खाच असलेल्या रुळांचं घ्या, नंतर रूळ बदलणं सहसा जमत नाही.

हौदेवाला
लायनर आहे, कडेवर चढणारा. बार नाही. स्टँडचा विचार नव्हता, आता आला, तुमची कृपा.

(तीन आठवड्यांनी)

हौदेवाला
मंडळी, घेतलं. ॲल्युमिनियम, हाताचं, शंखाच्या खाचेचं, बिनस्प्रिंगचं, खाचेच्या रुळांचं, चार नळ्यांचं. फाळक्याला वेगळं कुलूप. बसवायला मी आणि भाऊ, पुस्तकात 'दोन तास' लिहिलंय, आम्ही सकाळी बसलो ते दिवेलागणीला उठलो.

लायनर कापला, क्लॅम्प लावले, रूळ बसले, डबा बसला. शटर ओढलं तर निम्म्यापर्यंत लोण्यासारखं आणि पुढे घट्ट. जोर लावला तर डावीकडून पुढे, उजवीकडून मागे. भाऊ म्हणाला सिलिकॉनचा फवारा मार. मारला. काही नाही. पुन्हा सगळं ढिलं करून पुन्हा आवळलं. तेच.

नटबोल्ट
कर्ण मोजले का?

हौदेवाला
कसले?

नटबोल्ट
डब्याच्या डाव्या कोपऱ्यापासून उजव्या रुळाच्या मागच्या टोकापर्यंत, आणि उजव्यापासून डाव्यापर्यंत. दोन्ही मापं सारखी आली तर चौकट काटकोनात, नाहीतर ती पतंगासारखी तिरकी झालीय. रुळांमधलं अंतरही पुढे, मधे, मागे तीन जागी घ्या. हौद्याच्या भिंती मधे किंचित बाहेर फुगलेल्या असतात, क्लॅम्प आवळला की रूळ त्यांच्यामागे जातो.

हौदेवाला
साहेब, कर्णांत ९ मिलिमीटरचा फरक! डाव्या बाजूच्या दुसऱ्या क्लॅम्पखाली कापलेल्या लायनरची नखाएवढी चिपटी अडकली होती, तिने रूळ उचलून ढकलला होता. काढली. मग नुसते हाताने आवळलेले बोल्ट ठेवून शटर चार वेळा पूर्ण उघडलं-मिटलं, रूळ आपोआप जागेवर आले, कर्ण एका मिलिमीटरच्या आत. तेव्हा कुठे पाना लावला. आता एका बोटाने सरकतं. दिवसभर ज्याच्याशी कुस्ती केली ती वस्तू हीच का, असं वाटतं.

नटबोल्ट
बोल्ट पुस्तकात दिलेल्या टॉर्कपेक्षा (पिळायच्या जोरापेक्षा) जास्त पिळू नका, हौद्याच्या कडेचा पत्रा पातळ असतो, दबला की क्लॅम्प उलट ढिला पडतो. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा पाना फिरवा, नवीन फोम बसकण घेतो. आणि रुळात ग्रीस किंवा इंजिन ऑइल घालायचं नाही. ग्रीसला धूळ चिकटून कणीक होते आणि पेट्रोलियम तेलाने बरीचशी सीलची रबरं फुगतात. कोरडा सिलिकॉन फवाराच.

अबोली
अभिनंदन! आता रात्री टॉर्च. आणि जनरेटर किंवा पेट्रोलचा कॅन बंद शटरखाली नेऊ नका हं, काळं शटर उन्हात तापतं आणि वाफा कोंडतात. कॅन भरायचा तर तोही खाली जमिनीवर ठेवून, प्लास्टिकच्या लायनरवर ठेवून कधीच नाही, स्थिर विजेची ठिणगी पडू शकते.

वाळूघड्याळ
ताडपत्री फेकली का? फेकली नसेल तर मी घेऊन जाईन.

हौदेवाला
ती आता शटरखाली गाद्यांवर पांघरलीय. :-)

(पहिल्या मोठ्या पावसानंतर)

हौदेवाला
रात्रभर धो धो. सकाळी उघडलं तर तीन कोपरे कोरडे, पुढचा उजवा कोपरा तांब्याभर पाण्यात. नळी तपासली, तुंबलेली नाही. पन्हळीत पेलाभर पाणी ओतून बघितलं, डावीकडून लगेच गाडीखाली धार लागली, उजवीकडे थेंब नाही.

दर्यावर्दी
नळी दुमडली असेल. हौद्याखाली कुठे चेसिसवरून वळवलीय का?

हौदेवाला
बरोबर! नळी बांधायचा टाय लावताना भावाने इतकी घट्ट आवळली की नळी चपटी. टाय कापला, दोन बोटं ढिला लावला, पुन्हा पेला ओतला आणि गाडीखाली आडवा पडून बघत होतो. धार थेट कपाळावर.